भांडता येईल असं दुकान

पायात चप्पल नाही, हे मला ऑटोवाल्यानं सांगितलं.

मराठी मंडळाच्या हॉलपाशी उतरले होते. सुट्टे दिले, पदर सावरला आणि फाटकाकडे निघाले, तर मागून हाक आली. "अज्जी! चप्पली!" वळून बघते तो काय, ऑटोवाला माझ्या डाव्या पायाची चप्पल दोन बोटांत धरून उभा. खाली बघितलं. उजवा पाय चपलेत, डावा अनवाणी. एप्रिलची दुपार, तापलेलं सिमेंट, आणि त्यावरून मी राणीच्या थाटात चालत आले होते. माझ्या डाव्या पायानं मला त्याची खबरही दिली नव्हती.

"कालु सुडल्वा अज्जी?" त्यानं विचारलं. पाय भाजत नाही का, म्हणे.

"आमची कातडी जुन्या काळची आहे अप्पा," मी म्हटलं, चप्पल घातली आणि आत जाऊन दोन कप चहा प्यायले. पण चहा पिताना टेबलाखाली डाव्या पायाची बोटं चिमटून बघत होते. कुणा दुसरीच्याच पायाला चिमटा काढल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगितली. चुकलंच. आमच्या घरी विनोद सांगण्याआधी बघावं लागतं, की ऐकणारा महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून सगळे सिग्नल भोगून तर आलेला नाही. माझा मुलगा नुकताच आला होता. तो हसला नाही. लॅपटॉपची बॅगसुद्धा खांद्यावरून न उतरवता म्हणाला,

"आई, आजपासून तू एकटी बाहेर जायचं नाही."

"बरं. मग भाजीला तू येतोस का बरोबर?"

"मी बाई ठेवतो. दिवसभराची. तुझा हात धरून नेईल, हात धरून आणेल."

"अरे, बधिर पाय झालाय. हात ठणठणीत आहे. दाखवू?"

सुनेनं तोंडावर ओढणी धरली. ती हसली की नवऱ्याला चालत नाही, म्हणून ओढणी. मुलगा मात्र ठाम. वय झालं की असं होतंच, तोल जातो, पडलीस तर काय, वगैरे. बोलता बोलता त्यानं फोनवर बायका पुरवणाऱ्या एजन्सीचं पान उघडलंदेखील.

आता हे तुम्हाला सांगायला हवं, की एकटीनं बाहेर पडणं ही माझी या शहरातली सगळ्यात मोठी कमाई आहे. साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर, सकाळी भोंगा वाजला की तो आत, आणि मी क्वार्टरच्या खिडकीत. दूधवाला 'स्वल्प', म्हणजे 'जरा', म्हणाला, तर मी हे त्याचं नाव समजून महिनाभर त्याला त्याच नावानं हाक मारली. त्या बावळट मुलीला बाजारापर्यंत न्यायला, बस बदलायला शिकवायला आणि शेवटी कोथिंबिरीवरून कन्नडमध्ये भांडायला लावायला मला वर्षं लागली. ती कमाई एका चपलेपायी कुणा अनोळखी बाईच्या हातात द्यायची? सुतराम शक्य नाही.

"तुझ्या बाईला खुशाल ठेव," मी म्हटलं. "पण ती तुझ्याबरोबर ऑफिसला जाईल. तुला गरज आहे."

शेवटी तह झाला. आधी डॉक्टर, मग निर्णय. डॉक्टरीणबाईंनी पायाला थरथरणारा चिमटा लावून बघितला, कापसानं गुदगुल्या केल्या. त्या मला कळल्या नाहीत, म्हणून त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला. बी ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलेलं. शाकाहारी माणसांत होतं हे, त्यात आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या, की आणखी होतं, असं त्या म्हणाल्या.

"पण मी तर बी ट्वेल्व्ह घेतेय! संक्रांतीपासून, रोज, न चुकता!"

"कुठलं?"

"वाणातलं," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई कन्नड, मंड्याकडच्या. त्यांना वाण कळेना. मी सांगितलं, तुमच्याकडे अरिशिन-कुंकुमाला तांबूल देतात ना, तसं आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काहीतरी वस्तू देतात. कुणी वाटी देतं, कुणी कंगवा देतं.

"आणि तुम्हाला तांबुलात व्हिटॅमिन दिलं?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या. "बाटली घेऊन या."

त्या बाटलीची हकिगत सांगते. आमच्या मंडळाची हल्लीची कार्यवाह चाळिशीतली, पुण्याहून आलेली, हेब्बाळच्या एका मोठ्या सोसायटीत राहणारी. हुशार, चुणचुणीत, तिच्यामुळे मंडळात जीव आहे, हे मी नाकारत नाही. गेल्या संक्रांतीला तिनं आम्हा सगळ्या ज्येष्ठ बायकांना वाण म्हणून एकेक हिरवी बाटली दिली. बाटलीवर पान, पानावर दवबिंदू, वर सोनेरी अक्षरं. "काकू, टोटली नॅचरल आहे. झाडापासूनचं बी ट्वेल्व्ह. साईड इफेक्ट झीरो." मी कपाळाला लावली आणि पिशवीत टाकली. ती संपली तेव्हा दुसरी तिच्याकडूनच विकत घेतली, तिसरीही घेतली. माझ्या सुनेनं साधा पाव आणला तरी मी त्याची तारीख वाचते. पण या बाटलीवरचं एक अक्षर वाचलं नाही. का? तर वाण आहे. वाणाला नाही म्हणायचं नसतं, वाणाची किंमत विचारायची नसते आणि वाण कुठून आणलं, हे तर मुळीच विचारायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते हळदीबरोबर कपाळावर बसलेलं असतं.

आणि यातली गंमत म्हणजे, वाणात औषधं वाटायची ही थोर कल्पना मुळात माझीच.

हॉलच्या भिंतीवर अजून फोटो आहे. वेणीत अबोलीचा गजरा, चापूनचोपून नेसलेली साडी, हातात तपकिरी बाटली आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू या बाईनंच देवीची लस शोधली. ती मी. त्या काळी वाणात सगळ्या जणी प्लॅस्टिकची गाळणी द्यायच्या. प्रत्येकीच्या घरी गाळण्यांचा ढीग. मग या विदुषीनं उठून भाषण केलं. 'भगिनींनो, वाण उपयुक्त हवं, आरोग्यदायी हवं.' भाषण पाठ केलं होतं, आरशासमोर हातवाऱ्यांसकट. टाळ्या पडल्या. आणि पुढच्या आठवड्यात या विदुषीनं स्वतःच्या वाणाला शक्तिवर्धक टॉनिकच्या बाटल्या घेतल्या. कुणाकडून? दारावर टाय लावून आलेल्या एका माणसाकडून. तो इंग्रजीत बोलला, मला निम्मं कळलं नाही आणि जे कळलं नाही त्यावरच माझा विश्वास बसला. बाटलीवर उधळलेला घोडा होता. घोडा बघून मी सही केली.

तेवढ्यानं भागलं असतं, तरी चाललं असतं. एका चुलतदिरानं अमेरिकेहून गोळ्यांची बरणी आणली होती. ती मी खाल्लीच नाही. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवली, लेबल बाहेरच्या बाजूला करून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. कुणी विचारलं, की 'अगंबाई, ती होय?' असं म्हणायचं. मुदत केव्हाच उलटून गेली, तरी बरणी कपाटात. शेवटी गोळ्या गेल्या आणि बरणीत मेतकूट आलं. त्या मेतकुटानंच आमच्या घरात त्या बरणीतून काही पोषण झालं असेल, तर झालं.

नवऱ्यानं त्या घोड्याच्या टॉनिकची चव घेतली आणि म्हणाला, "साखरेचा पाक आहे. कुठं बनलाय हा?"

"कंपनीत."

"कुठल्या?"

"तुम्ही ना! प्रत्येक गोष्टीत तपासणी." मी फणकारले.

तो कारखान्यात तपासणी विभागातच होता. तिथला एक नियम तो घरी येऊन सांगायचा आणि मी जांभया द्यायचे. यंत्राचा भाग कितीही चकचकीत असो, कुठल्या मशीनवर, कुठल्या धातूच्या खेपेतून झाला, हे मागं मागं जात सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर तो भाग भंगारात. मोजमाप बरोबर असलं तरी भंगारात. "मोजमाप आज बरोबर आहे," तो म्हणायचा, "उद्या तुटला तर कोणाला विचारायचं?" मला वाटायचं, काय हा रूक्ष माणूस, नारळ घेतानासुद्धा गाडी कुठून आली, ते विचारतो. बाजारात मी त्याच्यापासून चार पावलं लांब उभी राहायचे, ओळख नसल्यासारखी.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ती हिरवी बाटली ठेवली, तेव्हा मला तो नारळवाला आठवला.

त्यांनी बाटली फिरवून बघितली. हे शेवाळ्यापासूनचं आहे, म्हणाल्या. अशा हिरव्या शेवाळ्यात जे बी ट्वेल्व्हसारखं दिसतं, ते आपल्या शरीराला वापरता येत नाही. अंगाला लागत नाही. लेबलवर खरं लिहिलेलं असलं तरी लागत नाही. "आणि खरं आहे की नाही, ते कोणाला विचारणार? इथं बनवणाऱ्याचं नावच नाही." खरंच नव्हतं. बाटलीवर फक्त 'विक्रेते' अशा अर्थाचं काहीतरी आणि एका मोठ्या शहराचं नाव. बनवलं कोणी, कुठं, याचा पत्ता नाही. आणि तळाला मुंगीच्या अक्षरात, हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही.

म्हणजे सगळं जिथं लिहायचं तिथं लिहिलेलंच होतं. मी वाण म्हणून वाचलं नव्हतं, इतकंच.

"इंजेक्शनं घ्यावी लागतील," त्या म्हणाल्या. "मग गोळ्या. नसा सावकाश सुधारतात. काही सुधारतील, सगळं परत येईल, असं मी सांगत नाही. आणखी उशीर केला असता तर मात्र..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. मुलगा शेजारी बसला होता. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की ती हात धरणारी बाई दारात येऊन उभीच आहे.

बाहेर आल्यावर म्हणाला, "तीन महिने. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाल्या की पाय ठीक, तर तू एकटी जा. नाहीतर मी म्हणेन तसं."

"सरी," मी म्हटलं. हे कन्नड 'ठीक आहे' माझ्या तोंडून फक्त धमकीसारखंच येतं, हे त्याला माहीत आहे.

पहिलं काम केलं ते मंडळात जाण्याचं. सून सोडायला आली आणि गाडीतच थांबली. सभा चालू होती. विषय श्रावणातल्या सहलीचा. मी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि कार्यवाहबाईंना विचारलं, "अगं, हे तू कुठून घेतेस?"

"माझ्या वरच्या मॅडमकडून, काकू. का? संपलं? आहेत माझ्याकडे."

"आणि वरच्या मॅडम कुठून घेतात?"

"त्यांच्या वरच्या मॅडमकडून."

"आणि त्या?"

"त्यांच्याही वर आहेत ना, डायमंड लेव्हलच्या."

"म्हणजे असंच वर वर जात शेवटी देवानंच बनवलंय म्हण की."

बायका हसल्या. ती नाही हसली. "काकू, वाणाचं बिल कोणी मागतं का?"

"वाणाचं नाही मागत. पोटात जाणाऱ्या गोळीचं मागते. बिल नको देऊस. बनवली कोणी, एवढं सांग. कारखाना कुठं आहे, सांग. मी ऑटो करून जाऊन येते."

"किती निगेटिव्ह बोलताय तुम्ही! इतक्या जणी घेतात, सगळ्यांना फरक पडलाय. हो ना?" तिनं आजूबाजूला बघितलं. एकीनं मान हलवली, दुसरीनं चहाचा कप उचलला. कुणीतरी हळूच म्हणालं, हल्ली हिला राग फार येतो, वयानं होतं. मग कार्यवाहबाई भिंतीकडे बोट दाखवून गोड आवाजात म्हणाली, "आणि काकू, आरोग्यदायी वाण तुम्हीच सुरू केलंत ना? आम्ही तर तुमचीच परंपरा पुढं चालवतोय."

सगळ्यांनी फोटोकडे बघितलं. मीही बघितलं. अबोलीचा गजरा, घोड्याची बाटली, विदुषीचा चेहरा.

"ती?" मी म्हटलं. "तिला काय कळतंय? ती घोडा बघून औषध घेते. तिचं कसलं ऐकता!"

मग मी माझा डावा पाय चपलेतून काढला आणि कार्यवाहबाईंना म्हटलं, "घे, काढ चिमटा. जोरात काढ. मला कळला तर मी तुझी माफी मागते, सहलीची वर्गणीही दुप्पट देते." तिनं चिमटा काढला नाही. अशा वेळी माणसं पायाकडे बघत नाहीत, सहलीच्या बसकडे वळतात. सभा सहलीच्या बसकडे वळली. मी बाटली तिथंच ठेवून निघाले. पुढचे कित्येक दिवस मंडळाच्या फोन-गटात मला कुणी सुप्रभात म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती शांतता मला आवडायला लागली होती.

आता प्रश्न इंजेक्शनं आणि गोळ्या घ्यायच्या कुठून. सुनेचं म्हणणं, फोनवरून मागवूया, स्वस्त पडतं, घरपोच येतं. गोळ्या तरी पुढं लागणारच होत्या, म्हणून तिनं एक डबी मागवली. डबी आली. मी भिंग घेऊन बसले. आता मी कुठलीच डबी भिंगाशिवाय घरात घेत नाही. मुदतीच्या तारखेवर एक छोटा कागद चिकटवलेला होता. नखानं खरवडला. खाली दुसरी तारीख.

"अगं बाई," मी हाक मारली. "या गोळीचा पुनर्जन्म झालाय."

सून बघून चपापली. "परत करता येतं आई. फोटो काढून टाकायचा, पैसे लगेच मिळतात."

"पैसे मिळतील गं. पण हे कोणी चिकटवलं, ते कोणाला विचारू?"

"चॅटवर विचारा."

चॅटवर मी मराठीत विचारलं, 'बाबा रे, ही तारीख कोणी बदलली?' उत्तर आलं की आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. मी विचारलं, त्रास नंतर बघू, तारखेचं बोल. उत्तर आलं की आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. तिसऱ्यांदा विचारलं तर त्यानं मला तारे दिले आणि विचारलं, आपला अनुभव कसा होता. सून पैसे परत मिळाल्याच्या आनंदात होती. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा भांडणात हरले होते, कारण समोर कोणी नव्हतंच.

तेव्हा मला नवऱ्याच्या त्या रूक्ष नियमाचा माझ्या भाषेतला अर्थ लागला. वाण देणारीशी भांडता येत नाही, कारण वाण आहे. अमेरिकेहून आणणाऱ्याशी भांडता येत नाही, कारण उपकार आहे. फोनशी भांडता येत नाही, कारण फोन आहे. माझ्या पोटात जाणारी वस्तू मला अशा माणसाकडून हवी, ज्याच्या दारात मी उद्या सकाळी जाऊन आवाज चढवू शकेन, आणि जो परवाही तिथंच असेल.

असा माणूस मला माहीत होता. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. त्याचं माझं जुनं वैर. पूर्वी एकदा त्यानं मला अर्धी पट्टी कापून दिली होती आणि नेमका मुदतीच्या तारखेचा तुकडा स्वतःकडे ठेवला होता. मी दुकानासमोर उभी राहून, येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांना थांबवून, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्याची अब्रू काढली होती. तेव्हापासून तो मला बघितलं की तोंड वाकडं करतो. पण तेव्हापासून मला पट्टी देताना तारखेची बाजूच कापून देतो. बोलत नाही, देतो.

सुनेचा हात धरून, होय, हात धरून, कारण तहाची मुदत चालू होती, मी त्याच्या दुकानात गेले. चिठ्ठी पुढं केली.

त्यानं वाचली. आत गेला, एक डबी घेऊन आला.

"हे नाही," मी म्हटलं. "चिठ्ठीत दुसरं नाव आहे."

"सेम अज्जी, सेम. कंपनी बेरे."

"कंपनी दुसरी, मग सेम कसं? डॉक्टरीणबाईंना फोन कर. त्या हो म्हणाल्या तर घेते."

"नीवु यावागलू हीगे!" तो वैतागून म्हणाला. म्हणजे तुम्ही नेहमीच अशा. हे मी प्रशस्तिपत्रक म्हणून घेतलं. त्यानं फोन केला नाही. कपाळावर हात मारला, दुसऱ्या कुणाला तरी फोन लावला आणि तुसडेपणानं म्हणाला, "नाळे बन्नी." उद्या या.

उद्या गेले. चिठ्ठीत होतं तेच औषध, थंड पेटीतून काढून ठेवलेलं.

"बिल बेका?" त्यानं विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"बेकु," मी म्हटलं. हवं. बिलावरचा खेपेचा नंबर मी इंजेक्शनच्या काचेवरच्या नंबराशी ताडून बघितला, एकेक आकडा, भिंगातून, मागे गिऱ्हाइकांची रांग असताना. मागचा माणूस चुळबुळला. मेडिकलवाला त्याला म्हणाला, "स्वल्प इरी. अज्जी चेक माडली." जरा थांबा, आजींना तपासू दे. म्हणाला मात्र असं, जसं कुणी दातदुखीबद्दल बोलतं.

सुई डॉक्टरीणबाईंकडे घेतली. एकदा, पुन्हा, पुन्हा. पुढं गोळ्या सुरू झाल्या. पायात काही फरक नाही. मुलगा रोज विचारायचा, कसं वाटतंय, आणि मी सांगायचे, उत्तम. खोटं होतं. चपलेला मी मागून पट्टा शिवून घेतला होता, म्हणजे निदान ती पळून जाऊ नये. संध्याकाळी गच्चीच्या कठड्याला धरून चालत होते आणि मनात म्हणत होते, की त्या हात धरणाऱ्या बाईला आधी मी कन्नड भांडण शिकवीन, मग ती माझी राहील, त्याची नाही. पुढची तयारी हवी.

मग एका सकाळी, मुदत संपायला थोडेच दिवस असताना, स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं आणि डाव्या तळव्याला काहीतरी टोचलं.

खाली बघितलं. रव्याचा दाणा. सुनेनं उपम्यासाठी रवा भाजला होता, तो सांडला होता. मी पुन्हा पाय ठेवला. टोचला. मग मी तिथंच उभी राहून ओरडले, "काय हा पसारा! जमिनीवर रवा! पाय ठेवायला जागा नाही या घरात!"

सून धावत आली. मी इतकी हसत होते, की तिला कळेना मी रागावलेय की काय. मग तिनं माझ्या पायाकडे बघितलं, आणि तिला कळलं. तिनं वाकून मूठभर रवा मुद्दाम आणखी सांडला. अशी सून मिळाली आहे, हे मी मंडळात कधी सांगत नाही. ते लाडावून ठेवण्यासारखं होईल.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्तातला आकडा वर आला होता. डावी करंगळी अजून झोपलेली आहे, ती कदाचित तशीच राहील, म्हणाल्या. मी म्हटलं, राहू दे, घरात एकाला तरी झोप हवी. मुलानं एजन्सीला फोन करून नको म्हणून कळवलं. मला सांगितलं नाही, फक्त संध्याकाळी म्हणाला, "भाजी संपलीय वाटतं." मी पिशवी उचलली आणि एकटी बाहेर पडले. मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत तो दारातून बघत होता, हे मी लिफ्टच्या आरशात बघितलं.

परवा पुन्हा संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू. या वर्षी मी वाण लुटलं ते प्लॅस्टिकच्या चहाच्या गाळण्यांचं. लाल, हिरव्या, पिवळ्या. गांधी बाजाराच्या एका गल्लीतल्या दुकानातून घेतलेल्या, दुकानदाराशी हुज्जत घालून. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. फोटोतली विदुषी भिंतीवरून बघत होती. तिच्याकडे बघून मी एक गाळणं हलवलं.

"काकू, गाळणं?" कार्यवाहबाई म्हणाली. या वर्षी तिच्या हातात हिरवी बाटली नव्हती. तिनं स्टीलची पळी दिली होती.

"गाळणं. जाळी फाटली तर दुकान सांगते, जाऊन भांड."

ती कसनुसं हसली. नंतर मी पायऱ्या उतरत होते, पट्टा काढून टाकलेल्या जुन्याच चपलेत, तेव्हा मागून आली. आजूबाजूला कोणी नाही, असं बघून हळू आवाजात म्हणाली, "काकू, माझ्या आईलाही पायाला मुंग्या येतात. तिकडं पुण्यात मी तिला त्याच बाटल्या पाठवत होते."

"आधी रक्त तपासायला सांग. आजच."

"सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती इथंच येतेय राहायला. तुमचं ते मेडिकल कुठं आहे?"

"कोपऱ्यावर. मी नेते तुम्हा दोघींना," मी म्हटलं. "पण तोवर कन्नडमध्ये थोडं भांडायला शिकून घे. तो गोड बोलणाऱ्यांना तारखेचा तुकडा देत नाही."

तिनं ऑटो बोलावू का, म्हणून विचारलं. मी नको म्हटलं आणि चालत निघाले. डाव्या पायाखाली रस्त्यावरची खडी बोचत होती, चांगलीच.